आधी चांगली बाजू

पेठे मॅडमचा एक नियम होता, आणि तो मोडणाऱ्या विद्यार्थ्याची त्या पेशंटसमोरच बिनपाण्यानं हजामत करायच्या. नियम एवढाच, की आधी चांगली बाजू तपासायची, मग दुखरी. उजवा खांदा दुखतोय म्हणून आलेल्या माणसाच्या उजव्या खांद्यावर झडप घालायची नाही. आधी डावा बघायचा. तो कुठवर उठतो, कसा वळतो, किती जोर लावतो ते लिहून घ्यायचं, कारण प्रत्येक माणसाचं माप त्याच्याच अंगावर असतं. पुस्तकातला हात एकशेऐंशी अंश वर जातो, पण पुस्तकातल्या माणसानं कधी भाताची पोती उचललेली नसतात.

फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या समिधा मांडवकरला हा नियम तोंडपाठ होता. सगळ्यांनाच होता. मेसमध्ये न मोडलेला पापड उचलतानाही पोरं "आधी चांगली बाजू" म्हणायची आणि हसायची. आता त्या वर्गातलं कुणी ते वाक्य म्हणालं तर समिधा तिथून उठून जाते. कारण कुणाला ठाऊक नाही.

त्या मंगळवारी अकराच्या प्रात्यक्षिकाला ठरलेला पेशंट आलाच नाही. मच्छीमार बोटीवरचा खलाशी होता, खांदा निखळलेला. बांगडा चांगला लागलाय म्हणून तो त्याच खांद्यासकट समुद्रात गेला होता. वर्गात चाळीस विद्यार्थी, समोर नवंकोरं यंत्र आणि रिकामी खुर्ची. पेठे मॅडमनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.

"कुणाच्या ओळखीत आहे का एखादा दुखरा खांदा? आत्ता, वीस मिनिटांत हजर होईल असा?"

समिधाचा हात वर गेला. तिची आई वनिता त्याच दिवशी सकाळी गावाहून आली होती. कुळथाचं पीठ आणि आंबोळ्यांचा डबा पोचवून ती चारच्या एसटीनं संगमेश्वरला परत जाणार होती, आणि या घडीला वसतिगृहाच्या पायरीवर बसून होती. समिधा या शिक्षणाकडे वळली तीच मुळी आईच्या उजव्या खांद्यामुळे. तो हात खांद्याच्या वर जातच नसे. केस विंचरायला आई डोकंच खाली हाताकडे न्यायची, दांडीवर कपडे टाकायला स्टुलावर चढायची. तीन वर्षं समिधा मागे लागली होती, एकदा दाखव म्हणून. "जन्माची सोबत हाय ती, आता कशाला बघायची?" असं म्हणून वनिता विषय मोडून टाकायची.

खांदा कशानं गेला हे घरात सगळ्यांना माहीत होतं. समिधा चार वर्षांची असताना गावच्या पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, लाकडी साकव मोडला होता. वनिता दोन्ही पोरांना घेऊन घरी येत होती. उजव्या हाताला समिधा, डाव्या हाताला सहा वर्षांचा सोहम. मधल्या फळ्या सुटल्या, पोरं खाली गेली, आणि ती उरलेल्या फळीवर पालथी पडून दोघांना धरून राहिली. पऱ्याला पूर होता. सोहमचा ओला हात निसटला. समिधाला तिनं वर ओढलं, आणि त्यात खांदा उखडला.

समिधाला यातलं काही आठवत नसे. तिला आठवायचा तो भिंतीवरचा सोहमचा फोटो, आणि आजीचं पुटपुटणं, जे आजी मरेपर्यंत थांबलं नाही. "पोराचा हात निसटला, पोरीचा बरा नाय निसटला." बाबा, म्हणजे दत्ताराम, वायरमनचं काम करणारा, दिवसभर शिडीवर असणारा शांत माणूस, तेवढ्यापुरता मात्र स्वतःच्या आईवर आवाज चढवायचा. आणि दरवर्षी त्या तारखेला तो बायकोशेजारी येऊन बसायचा आणि एकच वाक्य बोलायचा. "तुझा काय दोष? हात निसटला." सतरा वर्षं तो ते वाक्य बोलत आला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांचा संसार त्या वाक्यावरच उभा होता.

समिधा पायरीवर बसलेल्या आईला उठवायला धावतच गेली.

"चाळीस जणांसमोर माझी शोभा करतेस काय?" वनिता म्हणाली.

"आई, माझ्यासाठी. एवढंच एकदा."

वनितानं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती जरा विरघळली. "उजवाच बघायचा ना?"

"हो गं, उजवाच," समिधा घाईघाईनं म्हणाली. नियम त्या क्षणी तिच्या ध्यानातच आला नाही. तिनं तिथेच मोबाइलवर फॉर्म भरून टाकला. नाव, वय, तक्रार, नातेवाईक म्हणून दत्ताराम मांडवकर. शेवटी प्रश्न होता, अहवाल कुटुंबाला पाठवायचा का? बाबांनाही बघू दे, म्हणून तिनं 'हो'वर बोट ठेवलं.

यंत्राचं नाव होतं 'मागोवा'. दिसायला अगदी साधं होतं. एक खुर्ची, तिच्या दोन्ही बाजूंना मोटारीवर फिरणारे दांडे, आणि बोटांच्या टोकांपासून गळ्यापर्यंत येणाऱ्या दोन कापडी बाह्या. त्या बाह्यांच्या अस्तरात मोहरीएवढे आठशे संवेदक शिवलेले होते. दांडे माणसाचा हात एकेक अंशानं, इतक्या सावकाश फिरवत की फिरतोय हे कळायचंही नाही. माणसानं फक्त हात सैल सोडून बसायचं.

"पण शरीर पूर्ण सैल कधी नसतं," पेठे मॅडम वर्गाला सांगत होत्या. तोवर वनिता खुर्चीत अंग चोरून बसली होती. "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. स्नायूंचं तेच आहे. सांध्याला एकदा जबर धक्का बसला की मेंदू तो कोन लक्षात ठेवतो. पुढे जन्मभर हात त्या कोनापाशी आला, की ठरावीक स्नायू ठरावीक क्रमानं आधीच आवळून बसतात. सेकंदाच्या हजाराव्या भागात. आपल्याला पत्ताही लागत नाही, पण या बाह्यांना लागतो. तो क्रम उलट वाचत गेलं, की मूळ धक्का कुठून आला, केवढ्या वजनाचा होता, किती वेळ टिकला, हे काढता येतं. संगणक लाखो खोटे धक्के नमुन्याच्या हाताला देऊन बघतो, आणि जो जुळतो तो आपल्याला पडद्यावर दाखवतो."

"पण मॅडम, झालेलं बघून उपयोग काय?" मागून कौस्तुभनं विचारलं. कौस्तुभ म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

"उपयोग हा, की मूळ घाव कळला तर त्या स्नायूंना समजावता येतं. बाबांनो, तो धक्का केव्हाच संपला, आता सोडा. आपलं निम्मं काम तेच असतं. मात्र यंत्राला माप लागतं. चांगल्या हाताचा आलेख सपाट येतो. तो दुखऱ्या हाताच्या आलेखातून वजा करायचा. उरतो तो घाव. हं, मांडवकर, कर सुरुवात."

समिधानं कोनमापक घेतला आणि आईच्या उजव्या खांद्याला हात लावला. मॅडम खाकरल्या. चाळीस तोंडांतून एका सुरात आलं, "आधी चांगली बाजू!"

"मॅडम, डावा बरा हाय माझा," वनिता एकदम म्हणाली. "त्याला काय बघायचंय?"

"बरा आहे म्हणूनच तर बघायचा, वनिताताई."

वनितानं लेकीकडे पाहिलं. समिधा ओशाळली. पण मॅडमसमोर आता माघार घेता येणार नव्हती. तिनं पदराखालून आईचा डावा हात बाहेर काढला. तो पूर्ण वर गेला, कानाला टेकला. कोपर, मनगट, बोटं, सगळं ठाकठीक. मग तिनं कोपराखाली टेप गुंडाळली आणि आकडा वाचून थांबली. उजव्याला लावली. पुन्हा डाव्याला.

"काय झालं?"

"घेर, मॅडम. उजवा पंचवीस आहे. डावा बावीस."

"टेप तिरकी धरली असशील." मॅडमनी स्वतः मोजलं. पंचवीस आणि बावीसच निघाले. उजवखोऱ्या माणसाचा उजवा हात जरा भरलेला असतो, पण तो अर्ध्या-एक सेंटिमीटरनं. आणि इथे तर उजवा हात दुखरा होता, तो सुकायला हवा होता. सुकला होता तो चांगला हात.

"डाव्या हातानं तुम्ही काहीच करत नाही का हो?"

"उजव्याची सवय," वनिता जमिनीकडे बघत म्हणाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं समिधाचं झालं होतं. तीन वर्षं ती आईच्या उजव्या खांद्याचा विचार करत होती, आणि आता एकेक गोष्ट तिला दिसायला लागली. भरलेली कळशी आई दुखऱ्या हातानंच उचलायची. कण्हायची, पण हात बदलायची नाही. डावा हात कायम पदराखाली कमरेला लावलेला. रस्त्यानं चालताना समिधा डावीकडे आली की आई तिला ओढून उजवीकडे घ्यायची. ही सगळी आईची एक लकब, असं ती आजवर धरून चालली होती.

मग उजव्याची पाळी आली. निरोगी माणसाचा हात वर जातो तेव्हा त्यातले दोन भाग उखळीतला सांधा उचलतो आणि तिसरा भाग पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, सरकून देतो. दोघं जोडीनं चालतात. समिधानं फऱ्याच्या खालच्या टोकाला अंगठा लावला आणि आईला हात उचलायला सांगितलं. उखळीतला सांधा जागचा हललाच नाही. फरा एकटा सगळा भार घेऊन वर सरकला, खांदा कानापाशी गेला, कंबर वाकडी झाली, आणि सत्तर अंशांवर सगळं थांबलं. कौस्तुभ हळूच म्हणाला, "एकानं बसून खायचं, दुसऱ्यानं राबायचं." पोरं खुसखुसली.

वनिताला बाह्या चढवल्या. यंत्रानं डावा हात घेतला आणि सावकाश फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर आलेख उमटू लागला, आणि वर्गातली कुजबुज थांबली. तो सपाट नव्हता. मध्येच एक उंच भिंत उभी राहिली, बराच वेळ तशीच चालली आणि एका जागी कापल्यासारखी खाली आली.

"मॅडम, चांगली बाजूच वाईट निघाली की."

पेठे मॅडमचे डोळे चमकले. बाई मनानं चांगल्या होत्या, पण शिक्षिका होत्या, आणि असं काही समोर आलं की शिक्षक मंडळींना दुसरं काही सुचत नाही. "थांबा. ह्याची जोडी उजव्यात सापडते का बघू. दोन्ही एकत्र चालव."

अर्ध्या तासानं पडद्यावर दोन हातांचा सांगाडा आला. निळसर हाडं, त्यावर लाल दोऱ्यांसारखे स्नायू, आणि खाली ओढणारे दोन बाण. मॅडम मोठ्यानं वाचत गेल्या.

"शरीर पालथं. दोन्ही हात खाली लोंबलेले. दोन्हीकडे एकाच क्षणी झटका. उजव्या हातात भार चौदा किलो. डाव्या हातात साडेएकोणीस."

समिधाच्या हातातला कोनमापक टेबलावर आपटला. चौदा किलो. अंगणवाडीच्या जुन्या कार्डावर तिचं वजन तेवढंच लिहिलेलं होतं. मग साडेएकोणीस कोण, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पडद्यावर लोंबणारे ते दोन बाण म्हणजे ती आणि सोहम. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, बंद करा. पण मॅडम पुढचं वाचत होत्या.

"पंचेचाळीस सेकंद दोन्ही भार धरून. मग उजवा खांदा उखळीतून बाहेर. त्यानंतर तीन सेकंदांनी डाव्याचा भार संपला. अचानक." मॅडमनी चित्र तिथे थांबवलं आणि चष्मा वर सारला. "आता परीक्षेतला प्रश्न. भार निसटला की सोडला? हे यंत्राला न विचारता आलेखावरून कसं ओळखाल? मांडवकर?"

समिधा आलेखाजवळ गेली. उत्तर तिला येत होतं, आणि उत्तर काय निघणार तेही तिला जन्मापासून माहीत होतं. एका अर्थी तिला बरंच वाटलं. बाबांचं वाक्य आता यंत्रच बोलून दाखवणार होतं.

"निसटताना," ती म्हणाली, "बोटं मिटणारे स्नायू शेवटच्या क्षणापर्यंत ओढत असतात. भार गेल्यावर ते सुटतात. सोडताना आधी बोटं उघडणारे स्नायू, हे मागच्या बाजूचे, जागे होतात, आणि मग..."

तिचं बोट रेषेवर पोचलं होतं. मिटणाऱ्या स्नायूंची रेषा भार असतानाच खाली आली होती. आणि तिच्या आधी, अगदी स्पष्ट, हाताच्या मागच्या बाजूची रेषा उठली होती. उठली होती तीही कचरत नाही. एकदम, पूर्ण जोरानं.

"मग काय?" मॅडमनी विचारलं.

समिधानं बोट रेषेवरून काढून घेतलं.

"सोडला, मॅडम," कौस्तुभनं उत्तर देऊन टाकलं. "बोटं निसटलेली नाहीत, उघडलेली आहेत."

"शाब्बास. आता पुढचं बघा." मॅडमनी चित्र सुरू केलं. मोकळा झालेला डावा हात उजव्याजवळ गेला, चौदा किलोचा बाण दोन्ही हातांत आला आणि वर वर सरकू लागला. "काय काम असेल हे? सांगा बरं."

"विहिरीवर दोन कळश्या!" "गाळात उतरवलेल्या बादल्या!" पोरांना चेव आला. आणि कौस्तुभ खुर्चीकडे वाकून हसत म्हणाला, "काकू, खरं सांगा, कुठली कळशी सोडलीत? तांब्याची की प्लास्टिकची?"

वनितानं मान वर केली. चेहरा पांढराफटक झाला होता, पण आवाज सरळ होता.

"जड होती ती."

वर्ग खदखदून हसला. पेठे मॅडमही हसल्या. "बघा, हा अंगभूत शहाणपणा. खांदा निखळल्यावर एका हातानं काहीच वर येत नाही. जड सोडली, हलकी दोन्ही हातांनी वाचवली. नाहीतर दोन्ही गेल्या असत्या. अगदी योग्य केलंत हो, वनिताताई." आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. चाळीस जणांनी, कौतुकानं, अगदी मनापासून.

टाळ्या संपायची वाट न बघता समिधा आईकडे गेली. तिनं आईच्या अंगातून बाह्या उतरवल्या.

व्हरांड्याच्या मागच्या टोकाला एक सिमेंटचा बाक होता. तिथे दोघी बसल्या. समोर ऊन होतं, कुणीतरी कपडे वाळत घातले होते. समिधाच्या मनात एकच आकडा फिरत होता, साडेपाच. साडेपाच किलोंनी आपण जिवंत आहोत. आपण नीट जेवणारं पोर असतो, सोहम आजारातून उठलेला असता, तर आज भिंतीवर आपला फोटो असता. तिला आईचा राग आला, मग रागाची लाज वाटली, मग सतरा वर्षं पदराखाली लपवलेला तो हात आठवला आणि ती पुरती घाबरली. आई हे घेऊन गाडीत बसणार, घरी जाणार, भिंतीसमोर भाकरी थापणार. काहीतरी करायला हवं होतं, आणि तिला येत होतं ते फक्त हातांचं शास्त्र.

"आई, डावी मूठ कर. घट्ट. माझं पेन धर त्यात."

वनितानं निमूटपणे पेन धरलं. समिधानं तिचं मनगट पकडलं आणि हळूहळू आत मुडपलं. मनगट पूर्ण वळलं तशी बोटं आपोआप सैल झाली, उघडली, आणि पेन खाली पडलं.

"बघ. तू सोडलं नाहीस ना? बोटांच्या दोऱ्या मनगटावरून जातात. मनगट सरळ असलं, जरासं मागे असलं, तर पकड सगळ्यात घट्ट. आत मुडपलं की बोटं उघडणारच, कितीही धर म्हटलं तरी. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात हे. फळीच्या कडेवर तुझं मनगट असंच मुडपलं असणार. यंत्राला ते कळलं नाही."

यंत्राला ते कळलं होतं. उघडणाऱ्या स्नायूंचा जोर आलेखात होता, आणि दोऱ्यांची गोष्ट तिथे लागू पडत नाही, हे समिधाला पक्कं ठाऊक होतं. ती आईशी खोटं बोलत होती आणि आईनं ते खरं मानावं म्हणून सगळ्या देवांना आळवत होती.

वनितानं पेन उचललं. "पुन्हा कर," ती म्हणाली. समिधानं पुन्हा केलं. पेन पुन्हा पडलं. "अजून एकदा." तिसऱ्यांदा पेन पडलं तेव्हा वनिता आपल्या उघड्या पंजाकडे खूप वेळ बघत राहिली.

"मनगट सरळ होतं गो माझं," ती म्हणाली.

समिधाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"दोघांना धरलं, पण ओढायला गेलं तर एकबी वर येईना. हाका मारल्या. माणूस नाय कुठं. मग खांद्यात आवाज झाला, काडकन, आणि मला कळलं, आता दोन्ही जाणार. सोहम वर बघत होता. 'आई, घट्ट धर' म्हणाला." वनिता थांबली. "घट्टच धरला होता. मग बोटं उघडली. निसटली नाय, बाय. मी उघडली."

"आई..."

"तुझ्या आजीला वाटायचं, मला पोरगी लाडकी. तुला कधी वाटलं तर ते मनातून काढ. तू लाडकी म्हणून नाय, तो नकोसा म्हणून तर नायच नाय. तो जड होता. तेवढंच आलं मनात, बाकी काय नाय. आणि तुझे बाबा धावत आले, इचारलं कसं झालं, तेव्हा तोंडातनं गेलं, निसटला. मग ते तेच धरून बसले. इतक्या मायेनं बोलायचे, की खरं सांगायला जागाच उरली नाय."

समिधा रडत होती. वनिता रडत नव्हती. तिनं पदरानं लेकीचं तोंड पुसलं, उजव्या हातानं, खांदा कानाला लावून.

"त्या पोरांनी टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली. "ठाऊक असतं, तर वाजवल्या असत्या काय गो?"

तेवढ्यात समिधाचा मोबाइल वाजला. पडद्यावर 'बाबा' आलं. तिच्या डोक्यात वीज चमकावी तसं आलं, तो फॉर्म, तो शेवटचा प्रश्न, आणि 'हो'वर ठेवलेलं आपलं बोट. तिनं मोबाइल कानाला लावला.

"बाय, अहवाल आलाय इकडं," दत्ताराम म्हणाला. पाठीमागे कुणाच्या तरी घरातला पंखा सुरू केल्याचा आवाज होता, तो कामावर होता. "मी चष्मा लावून दोनदा वाचला. दोन हातांत दोन भार काय, पंचेचाळीस सेकंद काय, सगळं लिवलंय. आणि खाली डाव्या हातापुढं लिवलंय, भार सोडला." तो थांबला. "सोडला नाय ना गो? निसटला. यंत्र चुकलं असेल ना?"

एक शब्द पुरला असता. हो बाबा, चुकलं, नवीन आहे, चुकतं अजून. त्यांनी लगेच विश्वास ठेवला असता, ते विश्वास ठेवायलाच बसले होते. संसार होता तिथेच राहिला असता. समिधानं बोलायला तोंड उघडलं.

वनितानं हात पुढे केला. पदराखालून काढून, डावा.

समिधा त्या हाताकडे बघत राहिली. या हातात मघाच्या पेनाआधी तिनं कधी चमचा बघितला नव्हता, पिशवी नाही, तिचं स्वतःचं बोटही नाही. तिनं मोबाइल त्या तळव्यावर ठेवला. चार बोटं आणि अंगठा त्याच्याभोवती मिटले. मनगट सरळ होतं, जरासं मागे.

"अहो, मी बोलतेय," वनिता म्हणाली. "यंत्र बरोबर हाय. तुम्ही आधी शिडीवरनं खाली उतरा, कुठंतरी बसा. मग सांगते."